आमच्या माजघरातला जॅझ

मैत्रिणींनो, रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तुमच्या घरी काय चाललेलं असतं? कुणी जरा पाठ टेकलेली असेल, कुणी सोमवारच्या डब्याची भाजी निवडत असेल. आमच्याकडे त्या वेळी माजघरात चार पुरुष मांडी घालून बसलेले असतात आणि एकजण दुसऱ्याला म्हणत असतो, "नाही हो, परत पहिल्यापासून!" मग जो काही आवाज निघतो तो ऐकून पहिल्या रविवारी आमच्या कामवाल्या बाईंनी मला विचारलं होतं, "वैनी, काय दुरुस्त करायलेत का?"

दुरुस्त काही करत नव्हते. जॅझ वाजवत होते.

यातला एकही माणूस जॅझ कुणाकडे शिकलेला नाही. आमचे हे वीज खात्यातल्या कचेरीत आहेत. कॉलेजात असताना मित्राची गिटार मागून आणून त्यांनी बोटं सोलून घेतली, तेवढीच त्यांची तालीम. तबल्यावर बसतात ते टेलरभाऊजी. त्यांचं दुकान चौकात आहे, आणि तबला ते भजनी मंडळात बसून बसून शिकले. खालच्या सुराची बेस गिटार वाजवतात ते भाऊजी रेल्वेत आहेत, मूळचे गोव्याचे. चौथा अगदी तरुण, मिशन हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत कामाला. लहानपणापासून चर्चमध्ये बसून त्याचा कान तयार झाला. तो छोटा कीबोर्ड घेऊन यायचा. 'यायचा' का म्हणते, ते पुढे येईलच.

आता आमचं गाव मिरज. म्हणजे जॅझला अगदीच परका मुलूख. इथे सतारमेकर गल्लीतून जाताना भोपळ्यांच्या राशी दिसतात आणि तारा जुळवल्याचा आवाज येतो. इथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. १९३७ साली वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि त्यांच्या आठवणीसाठी तिथे दर वर्षी रात्र रात्र गाणं चालतं. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, हा उत्सव पन्नास वर्षं चुकवत नव्हते. पोस्टातली नोकरी आणि गाणं ऐकणं, ही दोनच कामं त्यांनी जन्मभर केली. तेव्हा मुलाने घरात गिटार आणली तेव्हा त्यांनी एकच शब्द उच्चारला. "निगुरं!"

ज्याला गुरू नाही तो निगुरा. आमच्या गावात याहून मोठी शिवी नाही.

मी स्वतः या भांडणात नव्हते. निदान मी तसं समजत होते. माझी तक्रार वेगळी. मी मुलींच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे रविवार हाच माझा वह्या तपासण्याचा दिवस. त्यात चार वाजता चहा, पाच वाजता कांदेपोहे, सहा वाजता "वहिनी, थोडं पाणी." संध्याकाळी ही मंडळी अगदी ताजीतवानी होऊन घरी जायची, आणि मी मात्र बशा विसळत उभी. वरून हे विचारणार, "आज कसं वाटलं?" मी म्हणायची, "पोह्यांना मीठ कमी पडलं."

तशातच अँप्लिफायरचं प्रकरण घडलं. तुम्हांला सांगायला हरकत नाही, कारण तुमच्याही घरी अँप्लिफायर नाही तर दुसरं काही आलेलं असणारच. पावसाळ्याआधी स्वयंपाकघराची कौलं चाळून घ्यायची म्हणून आम्ही पैसे बाजूला ठेवले होते. एक दिवस शाळेतून येते तो माजघरात काळं खोकं. "अगं, निम्म्या किमतीत मिळालं. आठ हजार." कौलांचे पैसे! त्या जूनमध्ये मी ओट्यावर एक आणि चुलीमागे एक अशी दोन पातेली मांडून स्वयंपाक केला. पंधरा दिवस मी कामापुरतंच बोलत होते. "मीठ द्या. दार लावा. विजेचं बिल भरा." सासूबाई शेवटी म्हणाल्या, "अगं, भांड एकदा. हे असलं शांत राहणं मला सोसत नाही." भांडण झालंही. पण भांडताना माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं, आणि ते ऐकून माझी मीच चपापले. मी म्हणाले, "तुम्हांला काय, तुम्हांला वाजवायला मिळतं!"

मिळतं! म्हणजे मला गोंगाटाचा राग नव्हताच. मला हेवा वाटत होता.

लग्नाआधी मी पेटी शिकत होते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत मध्यमेपर्यंत आले होते. बी.ए. झाले, लग्न झालं, पेटी सोबत आली आणि पोटमाळ्यावर चढली. तिच्यावर आधी बाळंतविडा, मग मुलीची जुनी पुस्तकं, मग दिवाळीचा आकाशकंदील असे थर चढत गेले. अकरा वर्षं. कुणी मला 'वाजवू नकोस' म्हटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. 'वाजव' असंही कुणी म्हटलं नाही, आणि मीही वर चढून ती काढली नाही.

असो. या भांडणानंतर मी एक गोष्ट केली. राग गिळून, ही मंडळी नक्की काय वाजवतात ते ऐकायला लागले. पोळ्या लाटता लाटताच. आणि ऐकायचं म्हटल्यावर शिक्षिकेचा स्वभाव, चार गोष्टी वाचल्याही. त्यातलं जे मला उमगलं ते तुम्हांला आपल्या भाषेत सांगते.

जॅझ जन्मला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या तोंडावर. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांची शेतावरची आणि देवळातली गाणी, बँडची वाद्यं आणि युरोपातला सुरांचा मेळ असं सगळं एका भांड्यात शिजलं. त्याची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. त्याचा जीव कशात, तर ऐन वेळी सुचेल ते वाजवण्यात. म्हणजे आपल्या गाण्यासारखंच की! बंदिश ठरलेली, आलाप-ताना आपल्या. एक वादक आपला डाव खेळतो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात, मग दुसऱ्याची पाळी.

फरक कुठे, तर आपला तंबोरा एकच षड्ज धरून बसतो. कितीही भटका, घर जागच्या जागी. जॅझमध्ये पायाखालची सतरंजीच सरकत असते. साधं उदाहरण 'ब्लूज'चं. त्यात बारा घरांचं एक आवर्तन, प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. पहिली चार घरं 'सा'वर, पुढली दोन 'म'वर, परत दोन 'सा'वर, मग एक 'प'वर, एक 'म'वर आणि शेवटची दोन पुन्हा 'सा'वर. इतकंच. घरी पेटी असेल तर आत्ता करून पाहा. पांढरी एक, तीन आणि पाच एकदम दाबा, हा 'सा'चा मेळ झाला. पांढरी चार, सहा आणि वरची एक, हा 'म'चा. पांढरी पाच, सात आणि वरची दोन, हा 'प'चा. पहिल्या मेळात काळी पाच, म्हणजे कोमल निषाद मिसळलात, की एकदम सिनेमातल्या हॉटेलात बसल्यासारखं वाटेल! लय मात्र सरळ चालवायची नाही. प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करायचे, आणि पहिल्यावर अन् तिसऱ्यावर बोट पडू द्यायचं. पाळण्यासारखी झुलती चाल येते.

आणि 'फ्यूजन' म्हणजे काय? शब्दाचा अर्थ मिलाफ. साठीच्या दशकाच्या अखेरीस जॅझवाल्यांनी विजेची गिटार, विजेचे पियानो आणि रॉक संगीताचा ठेका घरात घेतला. माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाच्या १९७० सालच्या जोड-तबकडीने त्याचा मोठा गाजावाजा झाला. कर्मठ जॅझवाले तेव्हा चिडलेच, तिकडेही मामंजी असतातच! त्याच तबकडीवर गिटार वाजवणारा जॉन मॅक्लॉफ्लिन नावाचा इंग्रज पुढे आपल्या संगीताकडे वळला. झाकीर हुसेनचा तबला, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामचा घटम आणि मॅक्लॉफ्लिनची साधी, विजेशिवायची गिटार यांची 'शक्ती' ही मंडळी. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७५ च्या मैफलीची, बाजारात आली १९७६ साली. हीच 'शक्ती' नव्या साथीदारांसह २०२३ मध्ये पुन्हा एक ध्वनिमुद्रिका घेऊन आली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. त्यात गायला आहेत शंकर महादेवन, म्हणजे आपल्या श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला मुलगा. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. त्याच्या पुढच्या रविवारी टेलरभाऊजींनी तबल्यावरची गवसणी काढलीच नाही. नुसतं बसून, चहा पिऊन सगळे घरी गेले.

तुम्ही म्हणाल, बाई, हे मोठ्यांचं झालं, आपल्या कानाला जॅझची काय ओळख? अहो, भरपूर ओळख आहे! 'अलबेला' पाहिलाय ना? १९५१ चा, भगवानदादांचा. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांच्या वाद्यमेळात ट्रंपेट वाजवायचा चिक चॉकलेट, गोव्यातल्या हळदोण्याचा, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' तर तुमच्या आईनेही गुणगुणलं असेल, ते १९५७ चं. तोही याच घराण्याचा माल. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन वादक आपला जॅझ बँड घेऊन आला. त्याच्यासारख्यांचं ऐकून ऐकून आपल्याकडच्या वादकांनी ही विद्या उचलली. त्यांत गोव्याचे फार. पोर्तुगीज अमदानीत तिथे चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्यामुळे संध्याकाळी हॉटेलात जॅझ वाजवणारी ही माणसं दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत कागद पाहून झरझर वाजवू शकत.

आमच्या रेल्वेतल्या भाऊजींचे आजोबा त्यांतलेच एक. मुंबईत ट्रंपेट वाजवायचे. पण गंमत अशी की आजोबांना स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचता येई आणि नातवाला त्यातलं एक टिंब कळत नाही! "आजोबा मला शिकवायला बसले, तर मी फुटबॉल खेळायला पळालो," ते सांगतात. आता पन्नाशीला आल्यावर मोबाइलवर पाहून पाहून शिकतायत. कधी मधेच थांबून म्हणतात, "हे आजोबांच्या तोंडात ऐकलेलं आहे." मग ते सापडेपर्यंत सगळे थांबतात.

आता निगुऱ्यांविषयी. मामंजींच्या त्या शब्दाला उत्तर म्हणून मी माहिती गोळा करायला लागले आणि मलाच मजा वाटू लागली. वेस माँटगोमेरी नावाचा एक गिटारवादक होता, जन्म १९२३, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. लग्न झालं, कारखान्यात नोकरी लागली, आणि मग एक तबकडी ऐकून याने गिटार आणली. गुरू नाही, स्वरलिपी येत नाही. तबकडी लावायची आणि तसंच वाजेपर्यंत वाजवायचं. दिवसा कारखाना, सराव रात्री. शेजारी कटकट करतात म्हणून याने तार छेडायची पट्टी टाकून दिली आणि अंगठ्याने हळू वाजवायला लागला. काहीजण म्हणतात कटकट बायकोची होती! त्या अंगठ्यातून निघालेल्या मऊ आवाजामुळेच पुढे तो जगभर ओळखला गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी, १९६८ साली हृदयविकाराने वारला. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार त्याच्या बायकोचा आला. दिवसभर नवरा कारखान्यात, रात्री गिटार. पोरंबाळं कोण झोपवत होतं? हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

बायकाही आहेत बरं का. मेरी लू विल्यम्स, जन्म १९१०. पियानो आपला आपणच शिकली, आणि सहाव्या-सातव्या वर्षी लोकांच्या समारंभात वाजवून घराला हातभार लावत होती. त्यांच्या घरावर शेजारचे गोरे लोक विटा फेकत. ही पोर वाजवायला लागली तेव्हा तेच लोक तिला आपल्या घरी वाजवायला बोलावू लागले, असं सांगतात. पुढे ड्यूक एलिंग्टनसारख्या दिग्गजांच्या वाद्यमेळासाठी तिने रचना बांधल्या. आणि आपल्या मुंबईत वाढलेली आशा पुथली! आपलं शास्त्रीय गाणं शिकलेली ही मुलगी अमेरिकेला गेली आणि १९७१ साली ऑर्नेट कोलमनसारख्या भल्याभल्यांना न झेपणाऱ्या जॅझवादकाच्या ध्वनिमुद्रिकेत दोन गाणी गायली.

मामंजींवर मात्र यातल्या कशाचा परिणाम झाला नाही. "तिकडचं तिकडे," ते म्हणाले. मग मी हळूच जवळचं नाव काढलं. "मामंजी, गोविंदराव टेंबे?" ते गप्प झाले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांची पेटी म्हणजे त्यांचं दैवत. आणि टेंबे पेटी बहुतांशी आपली आपणच शिकले होते, हे त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक! "त्यांनी ऐकलं किती होतं, ते बघ," एवढंच म्हणाले आणि अडकित्ता उचलला. पण तो 'निगुरं' शब्द मला नंतर फारसा ऐकू आला नाही. जाता जाता आणखी एक. जिला आपण आपली म्हणतो ती पेटीही मूळची पॅरिसची. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नव्हतं. तेव्हा शुद्ध काय आणि भेसळ काय, हे जरा जपूनच ठरवावं.

तर मुख्य गोष्ट. लॅबोरेटरीतल्या त्या मुलाला पुण्याला चांगली नोकरी लागली आणि कीबोर्ड गेला. उरले तिघे. त्या सुमारास त्यांनी सात मात्रांचं काहीतरी बांधायला घेतलं होतं. मी आत कणीक मळत होते. सम बरोबर यायची, पण मधेच काहीतरी ठेच लागल्यासारखं व्हायचं. पुन्हा सुरू, पुन्हा ठेच. हे म्हणायचे तबला चुकतोय, भाऊजी म्हणायचे गिटार. मी कणकेच्या हाताने बोटांवर मोजलं. एकदा, दोनदा. आणि दारात जाऊन म्हटलं, "अहो, तुम्ही चार अधिक तीन मोजताय, आणि टेलरभाऊजी रूपक वाजवतायत. रूपक तीन-दोन-दोन असतो. बेरीज सातच येते, पण घरं वेगळी आहेत."

तिघे माझ्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "तुला कसं कळलं?" बघा! अकरा वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न. टेलरभाऊजी मात्र डोक्याला हात लावून म्हणाले, "वैनी, पेटी वाजवता न्हवं का तुम्ही? लग्नात आणलेली मी बघितली हुती टेंपोत."

त्या संध्याकाळी पेटी खाली आली. भात्याला दोन ठिकाणी भोकं, तीन सूर मुके, एक सूर हात लावला की सुटायलाच तयार नाही. आमच्या गावात निदान दुरुस्तीचं दुकान शोधावं लागत नाही.

यापुढचं सगळं छान छान झालं असं तुम्हांला वाटत असेल, तर तसं झालं नाही. पहिल्या रविवारी मला रडू आलं. मेळ धरणं जमलं, ते गणितच आहे. पण हे म्हणाले, "आता बारा घरं तू एकटी वाजव. काय सुचेल ते." मला काहीही सुचलं नाही. परीक्षेचे आलाप पाठ, ताना पाठ, गुरुजींनी लिहून दिलेल्या वहीतल्या. स्वतःचं असं एक वाक्य पेटीवर मला बोलता येईना. हे बिनशिकलेले लोक चुकत-माकत का होईना, आपलं काहीतरी वाजवत होते. मी शिकलेली, आणि माझे हात बांधल्यासारखे. मी उठून आत गेले आणि कुकर लावला, त्या वेळी काही गरज नव्हती तरी.

आत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही सुचतच नाही." त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ओवी म्हणताना आम्ही कुठं ठरवून बसत होतो? पहिला शब्द टाकायचा. पुढचा येतो." आणि पुन्हा तांदळात खडे बघायला लागल्या. त्या जात्यावर बसल्याला चाळीस वर्षं होऊन गेली असतील.

पुढच्या रविवारी मी दोन सूर वाजवले. ग आणि कोमल ग, एवढेच. बारा घरं तेच दोन. रेल्वेतले भाऊजी खालून असे काही बेस देत राहिले की ते दोन सूरही बरे वाटले. आता सहा-सात सुरांपर्यंत मजल गेली आहे.

मी बैठकीत बसायला लागल्यावर पहिला प्रश्न आला तो चहाचा. चार वाजता सगळ्यांनी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मीही वाजवत होते, त्यामुळे तिथे कुणीच नव्हतं! तेव्हापासून पाळ्या लावल्या आहेत. टेलरभाऊजींचा चहा सर्वांत चांगला होतो, आले किसून घालतात. आमच्या ह्यांचा अजून पाण्यासारखा. खाणं ज्याने त्याने घरून आणायचं. त्यामुळे एक झालं, पहिल्यांदाच टेलरभाऊजींच्या सौभाग्यवती डबा घेऊन आल्या, आणि आता त्याही येऊन बसतात. वाजवत काही नाहीत. "दुकान आणि घर सोडून कुठंतरी बसायला मिळतं," म्हणतात.

तुमच्याही घरी असं काही सुरू असेल किंवा करायचं असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. अँप्लिफायर जमिनीवर ठेवू नका. घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, नाहीतर खालच्या घरातल्यांची भांडी वाजतात. भिंतीला जाड सतरंजी किंवा जुनी चादर दुहेरी करून टांगली की आवाजाचा घुमारा पुष्कळ कमी होतो. शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगावं. आमच्याकडे पलीकडच्या आजोबांनी दोनदा तक्रार केली. आम्ही वेळ ठरवून घेतली, चार ते साडेसहा, आणि त्यांच्या घरच्या परीक्षांच्या दिवसांत बंद. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण कायद्यापेक्षा गूळपोळीची ताटली जास्त कामाला येते. आणि वाद्य नवीनच हवं असं नाही. ज्या घरात पोटमाळा आहे त्या घरात काही ना काही सापडतं. पैशांचं मात्र आधी स्पष्ट बोलून घ्यावं. आमच्याकडे आता एक डबा आहे. त्यात दर रविवारी प्रत्येकाने वीस रुपये टाकायचे, आणि तारा, शाई, सुट्या वस्तू त्यातूनच आणायच्या. कौलांच्या पैशांना हात लावायचा नाही. यंदा मे महिन्यात कौलं चाळून झाली.

गणपतीत गल्लीच्या मंडळाने आम्हांला पंधरा मिनिटं दिली होती. मी जावं की नाही यावर माझंच दोन दिवस चाललं होतं. शाळेतल्या मुली समोर बसणार, आणि त्यांची बाई पेटीवर हे असलं काही वाजवणार! गेले. मधे एकदा वीज गेली. अँप्लिफायर बंद, गिटार मुकी. मग पेटी आणि तबला दोघांनीच चार आवर्तनं ओढून नेली. वीज खात्याचा माणूस व्यासपीठावर असताना वीज जावी, यावर मंडळाच्या मुलांनी ह्यांना आठवडाभर चिडवलं. पुढच्या रांगेत मामंजी खुर्चीवर होते. ऐकू कमी येतं त्यांना आता. घरी येताना म्हणाले, "पेटीचा पंचम उतरलाय, उद्या दाखवून आण." मी दाखवून आणला. खरंच उतरला होता.

ते सात मात्रांचं अजून पूर्ण बसलेलं नाही. रूपक कायम ठेवायचा असं ठरलंय. पण आमचे हे पाचव्या मात्रेवर घाई करतात आणि सहाव्यावर आमची वाट बघत थांबतात. मी सांगते, ते ऐकत नाहीत. येत्या रविवारी चहाची पाळीही त्यांचीच आहे.